‘पन्नास वॅटचा अ‍ॅम्प’ : यातला पन्नास कशाचा?

खानापूरहून एका वाचकाने विचारलं आहे : काकांच्या ऑर्केस्ट्रातला, बास गिटारचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) जुना बास अ‍ॅम्प घरी आहे. मागच्या पट्टीवर १८० वॅट छापलंय, वाजवणारी मंडळी त्याला ‘पन्नास वॅटचा’ म्हणतात आणि आतल्या स्पीकरवर १०० वॅटचा शिक्का आहे. त्याची माहिती मराठीत लिहून ठेवायची आहे. तिन्ही ठिकाणी ‘क्षमता’ लिहिलं तर चालेल का? स्पीकरच्या एफिशियन्सीलाही क्षमताच म्हणायचं का? आणि शेवटी, वॅट की वॅट्स?

तिन्ही ठिकाणी क्षमता लिहू नका. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. १८० वॅट हा अ‍ॅम्प प्लगमधून घेतो. त्यातले ५० तो स्पीकरला देतो, उरलेल्याची बहुतेक उष्णता होते. व्हॉल्व्ह हात लावू देत नाहीत ते त्यामुळेच. स्पीकरवरचे १०० म्हणजे तो जळण्याआधी किती सोसेल त्याची मर्यादा. ‘क्षमता’ म्हटलं की हे तिन्ही एकाच पोत्यात जातात.

नामांनी घोळ होतो तिथे आपल्या बोलीतली क्रियापदं फार नेमकी आहेत. शेतावर आपण ‘मोटर करंट लई खाते’ म्हणतो. दुरुस्तीच्या दुकानात ‘हे मशीन पन्नास देतंय, स्पीकरला शंभर झेपतंय’ असं बोललं की ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. खाणं, देणं, झेपणं. मला हे शब्द कोणत्याही परिभाषाकोशाइतकेच शास्त्रशुद्ध वाटतात. १९६९ साली अँपेग या अमेरिकी कंपनीने ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅट देणारा बास अ‍ॅम्प काढला, तेव्हा दहा इंची आठ स्पीकर असलेल्या एका पेटीलाही तेवढं झेपत नव्हतं, म्हणून त्याला तशा दोन पेट्या जोडायच्या असत. ही हकिकत ‘क्षमता’ हा एकच शब्द घेऊन सांगून पाहा, दुसऱ्या वाक्यातच अडकायला होतं.

नाम हवंच असेल तर पॉवरला ‘शक्ती’ म्हणा. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत कार्य करण्याच्या दराला शक्ती आणि एनर्जीला ऊर्जा म्हणतात. आपल्या सीमाभागात मात्र इथे एक खाच आहे. कन्नड पाठ्यपुस्तकांत एनर्जी म्हणजे ‘शक्ति’ आणि पॉवर म्हणजे ‘सामर्थ्य’. निपाणी-चिक्कोडीकडे एकाच घरात एक पोर मराठी शाळेत आणि दुसरं कन्नड शाळेत असतं. दोघंही ‘शक्ती’ म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळी गोष्ट असते. म्हणून तुमच्या नोंदीत शक्तीच्या आधी क्रियापद ठेवाच : ‘घेतलेली शक्ती’, ‘दिलेली शक्ती’. मग कुणाचाही गैरसमज होणार नाही.

एफिशियन्सीच्या बाबतीत असाच दुसरा सापळा आहे. कन्नडमध्ये तिला ‘दक्षते’ म्हणतात, हिंदीतही ‘दक्षता’च. पण मराठीत दक्षता घ्यायची असते. दक्षता म्हणजे सावधपणा. ‘या स्पीकरची दक्षता जास्त आहे’ हे वाक्य मराठी कानाला विचित्रच लागणार. आपला शब्द ‘कार्यक्षमता’. त्यातलं ‘कार्य’ गाळून नुसती ‘क्षमता’ ठेवली की अर्थच बदलतो. क्षमता म्हणजे किती मावतं किंवा किती झेपतं, आणि कार्यक्षमता म्हणजे घातलेल्यातलं किती कामी आलं.

आणि स्पीकरमध्ये कामी येतं ते फारच थोडं. एका वॅटला एका मीटरवर १०० डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) आवाज देणारा स्पीकर चांगला समजतात. त्याची कार्यक्षमता साधारण ६ टक्के भरते. ९४ डेसिबलवाल्याची जेमतेम दीड टक्का. बाकीच्याने आतली कॉइल तापते. आता हिशोब पाहा : शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ६ डेसिबलचा फरक भरून काढायला चौपट शक्ती लागते. तुमच्या ५० वॅटच्या अ‍ॅम्पला १०० डेसिबलचा स्पीकर असेल, तर ९४ डेसिबलच्या स्पीकरवर लावलेल्या २०० वॅटच्या अ‍ॅम्पइतका आवाज तो देईल. जुने बास अ‍ॅम्प या हिशोबावरच जगले. १९६० चा अँपेग बी-१५ फक्त २५ वॅटचा आणि एका पंधरा इंची स्पीकरचा, तरी तो स्टुडिओत वर्षानुवर्षं टिकला. म्हणून ‘किती वॅटचा’ एवढंच लिहिलेली नोंद मला अपुरी वाटते. ‘एका वॅटला किती बोलतो’ हेही कळत असेल तर अवश्य लिहा.

यावरून गावातला कर्णा आठवतो. हा शब्द कानावरून आलेला नाही. फारसी ‘करनाय’ या लांब रणवाद्याचं ते नाव, लाऊडस्पीकरच्या भोंग्याला पुढे चिकटलेलं. वीस-तीस वॅटवर देवळावरचा कर्णा अख्खं शिवार ऐकवतो, कारण भोंग्याच्या आकारामुळे त्याची कार्यक्षमता साध्या स्पीकरच्या कितीतरी पट होते. मग बासला कर्णा का नाही? बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांची, आणि तिची ध्वनिलहर सव्वाआठ मीटर लांब. तिला पुरेसा भोंगा म्हणजे जवळजवळ खोलीच बांधायची. म्हणून बासला मोठी पेटी आणि मोठा कागदी शंकू.

विकणाऱ्यांचे आकडे वाचताना ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) दिसलं तर तो आकडा नोंदीत घेऊ नका. क्षणभराच्या उसळीचा तो हिशोब, त्याला ठरलेलं माप नाही. ‘आरएमएस वॅट’ मात्र रूढ आहे. काटेकोर बोलायचं तर आरएमएस (रूट मीन स्क्वेअर) हे दाबाचं, म्हणजे व्होल्टेजचं मूल्य असतं आणि त्यावरून निघते ती सरासरी शक्ती. मी ‘सलग सरासरी ५० वॅट’ असं लिहीन.

आता वॅट की वॅट्स. मराठीत एककाला इंग्रजीचं अनेकवचन लागत नाही. पाच किलो, दहा मीटर, तसेच पन्नास वॅट. जेम्स वॅटचं नाव या एककाला द्यावं अशी सूचना १८८२ साली विल्यम सीमेन्स या अभियंत्याने केली आणि पुढे ते एकक झालं; पण आपल्या तोंडी ते किलो-मीटरसारखंच वागतं. तेव्हा ‘पन्नास वॅट्सचा अ‍ॅम्प’ नको, काका म्हणत असतील तसा ‘पन्नास वॅटचा’च लिहा.