कमरेएवढ्या पाण्याचं भय

प्रश्न : आमचं गाव रामटेक तालुक्यात. सुट्यांत लेकरं पेंचच्या कालव्यात उतरतात. पाणी कमरेएवढंच, तरी सासूबाई ओरडतात. त्यांचं खरं आहे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, शंभर टक्के खरं आहे. मी तीस वर्षं पोहणं शिकवतोय. चांगला पोहणारा माझा एक विद्यार्थी असाच कालव्यातून ओढून काढावा लागला. वाचला, पण तो दिवस मी विसरलो नाही. त्याला खोलीनं नाही, काठानं अडकवलं. सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं. पाय ठरत नाही, हाताला धरायला काहीच नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो वजन, तेही वाहतं. गुडघाभर धारही मोठ्या माणसाला पाडते. वरून पाणी सोडलं की पातळी चढते, ते वेगळंच.

आणि बुडणारं लेकरू बहुतेकदा ओरडत नाही, गप्प होतं. त्याच्या मागे पाण्यात उडी घेऊ नका. काठावर पालथं पडून ओढणी, दोर, काठी द्या. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबत बसू नका. आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबा, आणि दुसऱ्याला लगेच ११२ लावायला सांगा.