गॅसवरचा बॉयलर रोज सकाळी वीस मिनिटांत बंद पडतो, सेन्सर बदलूनही तेच. काय तपासू?

तुमचा प्रश्न असा: धुळ्याजवळ पनीर-खव्याचं युनिट, तासाला 100 किलो वाफ देणारा छोटा बॉयलर, 19 किलोच्या चार सिलिंडरांवर. सकाळी सहाला झकास पेटतो, वीस मिनिटांनी लाल दिवा. दहा मिनिटं थांबून रिसेट दाबला की पुन्हा चालतो. दुपारी तक्रार नाही. मेकॅनिकनं ज्योत ओळखणारा सेन्सर बदलला, फरक शून्य.

भाऊ, मी जळगावात हेच काम करतो. तुम्ही लिहिलेल्यावरून बॉयलरला हात लावायच्या आधी सिलिंडरला लावा. गंमत नाही, खरोखर तळहात लावून बघा. मागच्या डिसेंबरात एरंडोलकडच्या एका कारखान्यातून पहाटे फोन यायचे, "भाऊ, परत बंद पडी गया!" तिथं गेलो तर सिलिंडरांवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा बर्फ, आणि कामावरच्या पोरानं त्यात बोटानं स्वतःचं नाव कोरलेलं. बॉयलर उघडायची गरजच पडली नाही.

होतं असं की गॅस सिलिंडरमध्ये पातळ असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून घेतो. तुमचा बॉयलर पूर्ण चालला तर तासाला सहा-साडेसहा किलो गॅस खातो. म्हणजे एका सिलिंडरवर दीड किलोच्या वर भार. मे महिन्यात चालून जातं, पण थंडीच्या पहाटे सिलिंडर गारठतो, दाब पडतो, ज्योत तुटते आणि कंट्रोलर लॉक होतो, म्हणजे गॅस बंद करून लाल दिवा लावतो. थांबलात की सिलिंडर जरा सावरतो, म्हणून रिसेट चालतो. सेन्सरनं ज्योत गेली हे बरोबरच सांगितलं होतं, बिचारा उगाच बदलला गेला.

खात्री करायची तर बर्नरच्या तोंडाशी असलेला गॅसचा गेज बर्नर चालू असताना बघा. बंद असताना तो नेहमी छानच दाखवतो, बहुतेक जण इथंच फसतात. सुरुवातीला आणि पंधराव्या मिनिटाला आकडा घ्या. घसरत असेल तर दुखणं सापडलं. उपाय दोनच: मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळे सिलिंडर जोडणाऱ्या पाइपावर, सिलिंडर वाढवा, नाहीतर व्हेपोरायझर, म्हणजे पातळ गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र, बसवा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, खाली शेगडी ठेवणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. कृपा करून करू नका. आणि कमी दाबाला बंद करणारा स्विच "जरा खाली सेट करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

गेज स्थिर असूनही ज्योत जात असेल तर मात्र पुढचा संशय विजेवर. बंद पडायची वेळ आणि लाइट जाऊन जनरेटर सुरू व्हायची वेळ जुळते का? ज्योतीत बुडालेल्या दांडीचा सेन्सर असेल तर तो ज्योतीतून अर्थिंगकडे जाणारा अगदी बारीक करंट मोजतो, मायक्रोअँपिअरमध्ये. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर ज्योत डोळ्यांना दिसते पण कंट्रोलरला दिसत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ज्योतीचा अतिनील प्रकाश बघणारा यूव्ही सेन्सर असेल तर काच मऊ कापडानं पुसा, ज्योत न दिसायला काजळीचा थर पुरेसा असतो.

रिसेटचं एक सांगतो. दोनदा दाबला, नाही चालला, की हात मागे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस आत जातो. सुरुवातीला पंखा नुसता फिरतो तो तोच बाहेर काढायला, त्यामुळे ती वेळ कोणी कमी केली असेल तर पूर्ववत करा. वास आला तर बटण दाबू नका, सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली गटारात, खड्ड्यात साचतो. गळती साबणाच्या पाण्यानं शोधायची, काडीनं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पाणी बोअरचं आहे का? आपल्याकडचं बोअरचं पाणी पांढरा थर धरतं, आणि तो बॉयलरच्या कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापणाऱ्या वेटोळ्या नळीत, बसला की चिमणीचं तापमान महिन्यागणिक चढत जातं. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, त्यातून बाहेर आलेलं पाणी जडपणा तपासायच्या किटनं तपासा. थेंब टाकल्यावर निळं झालं तर ठीक, वाइनसारखं लाल राहिलं तर मीठ घालून सॉफ्टनर धुवायची वेळ गेली.

उद्या सकाळी गेजचे ते दोन आकडे आणि बर्फ कुठपर्यंत चढला ते इथं लिहा. बर्नरवरच्या माहितीच्या प्लेटचा फोटोही टाका, किती सिलिंडर लागतील ते हिशेब करून सांगतो.