वाचकांचे प्रश्न : स्टोरेजला फायबर जोडल्याने नेमके काय मिळते?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) आमचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा आणि एडिटिंगचा व्यवसाय आहे. दुकानात चार संगणक आहेत. सगळे शूटिंग चार हार्ड डिस्कच्या एका सामायिक स्टोरेजवर राहते आणि ते स्टोरेज चोरीच्या भीतीने गल्लीपलीकडच्या घरात, साधारण ६० मीटरवर ठेवले आहे. तिन्ही कॅमेऱ्यांचे ४के चित्रण चौघांनी एकाच वेळी उघडले की सगळ्यांचेच काम अडखळते. त्यातच गेल्या जूनमध्ये वीज पडून नेटवर्कची केबल आणि स्विच (संगणकांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) दोन्ही जळाले. एका विक्रेत्याने ‘फायबर चॅनल’ बसवण्याचा सल्ला दिला आहे. एवढा खर्च करावा का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. विजेच्या दुखण्यावर फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने माहिती नेणारी केबल, हा चांगला उपाय आहे, अडखळण्यावर मात्र तो अर्धाच उपाय ठरेल.

आधी हिशेब पाहू. चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने होत असेल (कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हा आकडा दिसतो), तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ते सेकंदाला साडेबारा मेगाबाइट झाले. तीन कॅमेऱ्यांचे मिळून एका संगणकाला साडेसदतीस मेगाबाइट लागतात आणि चार संगणकांना दीडशे. घर आणि दुकान जोडणारी १ गिगाबिटची केबल प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच वाहून नेते, त्यामुळे चौघे बसले की गाडी अडणारच.

मात्र प्रत्येक संगणकाला महागडी जोडणी हवी, असा याचा अर्थ नाही. साडेसदतीस मेगाबाइटसाठी १ गिगाबिटची जोडणी पुरून उरते. तुंबते ते स्टोरेजपासून दुकानातल्या स्विचपर्यंतच्या एकाच टप्प्यावर, आणि तेवढाच टप्पा १० गिगाबिटच्या फायबरने जोडावा. त्यासाठी आपल्या स्टोरेजमध्ये १० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड बसते का, हे आधी पाहून घ्या. ज्या संगणकावर कॅमेऱ्यांची कार्डे रिकामी करता, तो तेवढा मात्र १० गिगाबिटवर घ्या. ४०० गिगाबाइटचे एक लग्न स्टोरेजवर चढवायला आज सुमारे तास लागतो. तिथे कार्ड रीडर आणि डिस्क सेकंदाला ५०० मेगाबाइटचा वेग देऊ शकल्या, तर तेच काम तेरा-चौदा मिनिटांत उरकेल.

आता उरलेल्या अर्ध्या दुखण्याकडे वळू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात आणि ते टोक जागेवर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. उलट फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला केवळ पाच मायक्रोसेकंद, म्हणजे त्याच्या आठशेव्या हिश्शाइतका वेळ लागतो. चौघांनी चार ठिकाणचे चित्रण मागितले की ते टोक सतत इकडून तिकडे धावत राहते, आणि ती धावाधाव कोणतीही तार वाचवू शकत नाही. म्हणून वाचलेल्या पैशांतून दोन एसएसडी (फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्क) घ्याव्यात, चालू हंगामाची लग्ने त्यांवर ठेवावीत आणि जुनी हार्ड डिस्कवर सरकवावीत.

राहिला फायबर चॅनलचा प्रश्न. नावात फायबर असले तरी ती निव्वळ तार नव्हे. स्टोरेज आणि संगणक यांच्यातील बोलण्याची ती एक स्वतंत्र रीत आहे, १९९४ मध्ये तिला अमेरिकी मानकाचे रूप मिळाले आणि त्या मानकात तांब्याची तारही चालते. तिचा मोठा गुण वेगापेक्षा शिस्तीचा आहे. माहिती लहान लहान खेपांत जाते. घेणाऱ्या बाजूने ‘माझ्याकडे इतक्या खेपांची जागा आहे’ असे आधी कळवायचे आणि पाठवणाऱ्याने त्याहून एकही जास्त पाठवायची नाही, असा तिचा नियम आहे. खरेदी केंद्रावर तुरीच्या गाड्या टोकन पाहूनच आत सोडतात, तसाच हा प्रकार होय. साध्या नेटवर्कमध्ये गर्दी झाली की काही खेपा गळतात आणि पुन्हा पाठवाव्या लागतात, फायबर चॅनलमध्ये गर्दीमुळे असे सहसा होत नाही. बँकेच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या सर्व्हरसाठी या गुणाचे मोल आहे.

आपल्या दुकानात मात्र त्यात एक धोका आहे आणि विक्रेते तो क्वचितच बोलून दाखवतात. फायबर चॅनलवरचे स्टोरेज प्रत्येक संगणकाला स्वतःच्याच डिस्कसारखे दिसते. एकच डिस्क दोन संगणकांनी आपापली समजून लिहायला घेतली, तर फाइलींची नोंद बिघडून लग्नच्या लग्न हातचे जाऊ शकते. ते टाळण्यासाठी वेगळी सामायिक फाइल प्रणाली (सगळ्या संगणकांसाठी फाइलींची एकच नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) लागते आणि ती सांभाळणारा माणूसही. आपल्या आजच्या स्टोरेजमध्ये फाइलींचा कारभार ते स्वतःच पाहते. तीच पद्धत ठेवा.

विजेबाबत माझे मत ठाम आहे. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार टाकूच नये. आपल्याकडे म्हणतात तशी ईज जवळपास पडली तरी तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. केबल घेताना मात्र तिच्यात पोलादी कवच किंवा आधाराची तार नाही, याची खात्री करून घ्या. ओएम३ या कमी अंतरासाठीच्या प्रकारच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा ६० मीटरची काळजी नको.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये (हिंगणघाट, जि. वर्धा) २४ कॅमेरे असून त्यांचे रेकॉर्डिंग ३५० मीटरवरच्या कार्यालयातील स्टोरेजवर होते. मध्ये स्विच लावून तांब्याची तार नेली आहे आणि ती दर पावसाळ्यात बंद पडते. आम्हीही १० गिगाबिट घ्यावे का?

उत्तर : नको. एका कॅमेऱ्याचे ४ मेगाबिट धरले तर २४ कॅमेऱ्यांचे ९६ मेगाबिट होतात, त्याला १ गिगाबिटचे फायबर भरपूर झाले. खर्च करायचाच तर डिस्कवर करा, कारण याच दराने दिवसाला जवळजवळ एक टेराबाइट साठते. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटरची असल्यामुळे आपल्याला वाटेत स्विच ठेवावे लागले. फायबरने ते सगळे निघतील आणि बिघडण्याच्या जागाही तेवढ्या कमी होतील.

केबल सिंगल-मोड (लांब अंतरासाठीच्या, अतिबारीक गाभ्याच्या) प्रकारची घ्यावी. घरोघरी ब्रॉडबँड देणारे हाच प्रकार वापरतात, त्यामुळे घुशीने केबल कुरतडली तरी जोडणारा माणूस आणि त्याचे यंत्र गावातच मिळेल. तरीही ती जमिनीखालून पाइपातूनच न्यावी.

आपल्याकडे खरा त्रास रुईच्या तुसाचा होईल. सिंगल-मोड फायबरमध्ये प्रकाश जातो तो भाग केवळ ९ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतो. कनेक्टरच्या तोंडावर तुसाचा एक कण बसला तरी जोडणी तुटक चालते आणि दोष उगाच स्टोरेजवर येतो. शेडमधला स्विच झाकणाच्या पेटीत ठेवा, काढलेल्या कनेक्टरला लगेच टोपी घाला आणि पुन्हा लावण्यापूर्वी तो फायबरसाठीच्या क्लीनरने पुसा. तोंडाने फुंकू नका, आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून उजेड दिसतो का, हेही पाहू नका. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.