मेल 'स्पॅम झाला' की बैरंग आला?

राजारामपुरीतील एका वाचकांनी विचारले आहे की, मंडळाच्या वार्षिक सभेची निमंत्रणे ईमेलने धाडली असता त्यांपैकी बरीच परत आली. तेव्हा 'मेल स्पॅम झाले' असे म्हणणे बरोबर आहे का, आणि नसल्यास मराठी शब्द कोणता?

बरोबर नाही, आणि हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. स्पॅम ठरलेला मेल सहसा परत येत नाही. तो पोहोचतो आणि अडगळीच्या खणात निमूट पडून राहतो. परत येतो तो बाउन्स झालेला मेल. 'स्पॅम' हे मूळचे १९३७ साली अमेरिकेत निघालेल्या डबाबंद मांसाचे नाव, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असल्याने त्यावर शाई दवडत नाही.

परतलेल्या मेलला 'बैरंग' म्हणावे. तिकीट न लावता पेटीत टाकलेले पत्र टपालखाते पोहोचवीत असे, मात्र दुप्पट हशील घेणाऱ्याकडून वसूल करी; त्याने नकार दिला की पत्र धाडणाऱ्याच्या दारी परत. हशिलाचा भार घेणाऱ्यावर, म्हणून इंग्रजीत ते 'बेअरिंग' पत्र, आणि 'लॉर्ड'चा लाट व 'कंपनी'ची कुंपणी करणाऱ्या जिभांनी त्याचे 'बैरंग' केले. हिंदीत तर 'बैरंग लौटना' म्हणजे रिकाम्या हाताने परतणे, असा वाक्प्रचारच रूढ झाला. काही विद्वान येथेही फारसी 'बे' आणि 'रंग' शोधतात. त्यांनी 'रंगाचा बेरंग' खुशाल फारसीच्या खात्यावर मांडावा, टपालाच्या शिक्क्यात रंग पाहू नयेत. बैरंग पत्र तिकिटाअभावी परते आणि मेल पत्ता चुकल्याने, हा आक्षेप मला ठाऊक आहे. शब्द परतण्यावरून टिकला, कारणावरून नव्हे. 'उसळलेला मेल' सुचवणाऱ्यांना एवढेच सांगतो की, कोल्हापुरात उसळ मिसळीत असते.

मध्यंतरी कुणा भामट्याने माझ्या पत्त्याच्या नावाखाली औषधांच्या जाहिराती धाडल्या, आणि मी न लिहिलेले चाळीसेक मेल रात्रीतून माझ्याच दारी परतले. बैरंग पत्र निदान आपले तरी असते. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्या या प्रकाराला शब्द मला अजून सापडलेला नाही.

राहता राहिली आपली निमंत्रणे. परतीच्या मजकुरातील आकडा ४ ने सुरू होत असल्यास अडचण तात्पुरती असते; ५५० दिसल्यास बहुधा तो पत्ताच अस्तित्वात नसतो, तेव्हा निमंत्रण हाती घेऊन त्या सभासदाचा जिना आपणच चढावा.