वाचकांचे प्रश्न : ग्रुपवर पाहिले, वर्गात चालेना

प्रश्न : वर्गात मोबाइल, टीव्ही कसा वापरला हे एकमेकांना सांगता यावे म्हणून आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता त्यात सुप्रभात, परिपत्रके आणि प्रमाणपत्रांचे फोटो. कामाचे काही शोधायला गेले की सापडत नाही. काय करावे?
— केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

उत्तर : ग्रुप बोलण्यापुरता राहू द्या, नोंदी दुसरीकडे जमवा. एक गूगल फॉर्म करा आणि उत्तरे शीटमध्ये पडू द्या. सात रकाने पुरतात : इयत्ता, विषय, पट, साधन, नेट लागले का, तयारीला किती वेळ गेला, कुठे अडले. शेवटचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही अशी सोय करा. ‘मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य कुणाच्याच कामाचे नाही. ‘पट ३८, एकच फोन, मागच्या तीन रांगांना काही दिसले नाही’ एवढे वाचले की पुढचा शिक्षक आधीच गट पाडून ठेवतो.

फॉर्ममध्ये फाइल जोडायला सांगू नका. त्यासाठी गूगल खात्यात लॉगिन करावे लागते आणि बरेच जण तिथेच फॉर्म सोडून देतात. मुलांचे चेहरे दिसणारे फोटोही नकोत. फळा, स्क्रीन आणि बैठकव्यवस्था दिसली तरी भागते.

शीटची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, मग पुन्हा ‘सर, लिंक पाठवा’ सुरू. सगळ्यांना ‘व्ह्यूअर’ म्हणूनच परवानगी द्या. ‘एडिटर’ केले की फोनवर बोट लागून दुसऱ्याची नोंद पुसली जाते. गेलीच तर व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे शीटच्या जुन्या आवृत्त्यांतून, परत आणता येते. परिपत्रकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरच कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय) काढा. तिथल्या घोषणांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच टाकू शकतात.

प्रश्न : दुसऱ्या शाळेतल्या मॅडमनी पाठवलेला प्रयोगाचा व्हिडिओ फोनवर छान दिसतो. पेनड्राइव्हवरून शाळेच्या टीव्हीवर लावला की नुसता आवाज येतो, चित्र नाही.
— विज्ञान शिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर : व्हिडिओ एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची नवी पद्धत) प्रकारात असणार. नाव एमपी-४ दिसले तरी आतली बांधणी वेगळी असते आणि जुन्या टीव्हीला ती उलगडत नाही. संगणकावर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा, प्रीसेटमध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ निवडा आणि स्टार्ट दाबा. एच.२६४ या जुन्या पद्धतीतली नवी फाइल तयार होते. ती बहुतेक टीव्हींवर चालते. पाठवणाऱ्या मॅडमना पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ‘हाय एफिशियन्सी’ पर्याय बंद करायला सांगा. आयफोन असेल तर फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली की आकार कमी करायला ती दाबली जाते आणि मोजपात्रावरच्या रेघा पुसट होतात.

प्रश्न : ग्रुपवरून आलेली प्रश्नपत्रिका उघडली की मराठीऐवजी भलतीच अक्षरे येतात.
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. बदल करायचे असतील तर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही फोनवर, संगणकावर नीट दिसणारी अक्षरे) करून घ्या. मात्र ‘ऱ्य’, ‘ॲ’, जोडाक्षरे आणि गणितातली चिन्हे डोळ्यांनी तपासा. चूक हमखास तिथेच राहते.

प्रश्न : एका ऑनलाइन बैठकीत प्लिकर्स कार्डांचे प्रात्यक्षिक पाहिले : मुले काळ्या-पांढऱ्या नक्षीचे कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून धरतात आणि शिक्षकाचा फोन कॅमेऱ्याने सगळ्यांची उत्तरे टिपतो. आमच्या वर्गाचा पट ४६. मागच्या बाकांवरची कार्डे फोन वाचतच नाही.
— प्राथमिक शिक्षक, जळगाव जिल्हा

उत्तर : आधी संच तपासा. नेहमीच्या संचात ४० कार्डे असतात. तुम्हाला ६३ कार्डांचा विस्तारित संच छापावा लागेल. कार्ड न वाचले जाण्याचे पहिले कारण चकचकीत लॅमिनेशन. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला की काळा भाग पांढरा दिसतो. साधी छपाई जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. दुसरे कारण बोटे : मुले कार्ड मधोमध धरतात आणि नक्षीचा कोपरा झाकला जातो. पांढऱ्या कडेलाच धरायची सवय लावा. खिडकीकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे उजेड कार्डांवर पडेल. फोन डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. झटक्यात फिरवला तर चित्र हलते आणि कार्डे सुटतात. तरीही मागची रांग राहिली तर दोन पावले पुढे जाऊन तेवढीच पुन्हा टिपा.

अ, ब, क, ड शिकलेल्या मुलांना कार्डावरची ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे पटकन उमगत नाहीत. पहिला तास खेळाचा ठेवा : ‘तुमचा आवडता ऋतू कोणता’ असा चूक-बरोबर नसलेला प्रश्न टाका आणि निवडलेले अक्षर वरच्या बाजूला धरायचा सराव होऊ द्या.