‘यात नवीन काय?’ : टॉकचा प्रस्ताव पाठवताना हात अडतो तेव्हा

सॉफ्टवेअर क्षेत्रातील जी मंडळी समुपदेशनासाठी येतात, त्यांच्यापैकी काहींची तक्रार ठरलेली असते. कॉन्फरन्ससाठी टॉकचा प्रस्ताव लिहून तयार असतो, मुदत जवळ येते आणि तो पाठवण्याचे बटण काही दाबले जात नाही. मुदत उलटली की क्षणभर हायसे वाटते आणि मागोमाग स्वतःचाच राग येतो. अशाच एका अनुभवी प्रोग्रॅमर बाईंची हकीगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या बरीच वर्षे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करत होत्या आणि कोणाचा कोड अडला की टीममधले लोक आधी त्यांच्याकडे जात. पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःचे निदान सांगून टाकले : ‘मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे.’ म्हणजे यश मिळूनही आपण त्या योग्यतेचे नाही आणि एक दिवस उघडे पडू, असे वाटत राहणे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हा अनुभव प्रथम मांडला तो कर्तबगार स्त्रियांच्या संदर्भात, आणि त्याला त्यांनी आजार ठरवले नव्हते. असे लेबल घेऊन कोणी आले की मी थोडी सावध होते, कारण लेबलाने सगळेच स्पष्ट झाल्यासारखे वाटते आणि पुढची चौकशी तिथेच थांबते. म्हणून मी त्यांना एवढेच विचारले, की मुदतीच्या संध्याकाळी बटणावरून हात मागे घेताना मनात नेमके कोणते वाक्य होते. त्या म्हणाल्या, ‘परीक्षक म्हणतील, यात नवीन काय? हे तर डॉक्युमेंटेशनमध्येच (भाषेच्या अधिकृत माहितीपत्रकांतच) आहे.’ हे वाक्य लेबलापेक्षा कितीतरी उपयोगाचे होते, कारण ते खरे की खोटे हे तपासता येत होते.

तपासायचे तर विषय समजून घेणे भाग होते. त्यांच्या एका सेवेची, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमची, मेमरी दिवसागणिक वाढत जाई आणि रीस्टार्ट केले की पुन्हा सगळे सुरळीत होई. मूळ कारण निघाले ते असे, की एका क्लासच्या मेथडवर, म्हणजे एका जातीच्या ऑब्जेक्टसाठी लिहिलेल्या फंक्शनवर, ‘एलआरयू कॅश’ हा डेकोरेटर (एकदा काढलेले उत्तर साठवून पुन्हा वापरण्याची, फंक्शनला वरून जोडायची सोय) कमाल मर्यादा ‘काहीही नाही’ अशी ठेवून लावलेला होता. हा कॅश मेथडला दिलेले आर्ग्युमेंट, म्हणजे तिला पुरवलेली माहिती, लक्षात ठेवतो, त्यात ‘सेल्फ’ म्हणजे खुद्द ऑब्जेक्टही येतो, आणि नोंद कॅशमध्ये आहे तोवर तो ऑब्जेक्ट मोकळा होत नाही. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजांत ही गोष्ट सांगितलेली आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे अर्धे बरोबरच होते.

उरलेले अर्धे त्यांनी प्रस्तावात लिहिलेच नव्हते. आधी त्यांनी डेटाबेसच्या कनेक्शनवर संशय घेतला, मग लॉगिंगवर, म्हणजे प्रोग्रॅम करत असलेल्या नोंदींवर. त्यानंतर ‘ट्रेसमॅलॉक’ या मेमरीचा माग काढणाऱ्या साधनाने काही तासांच्या अंतराने मेमरीचे दोन स्नॅपशॉट घेऊन त्यांची तुलना केली, तेव्हा मेमरी कोणत्या ओळीवर घेतली गेली हे कळले, पण तिला धरून कोण बसले आहे हे कळेना. त्यासाठी पायथॉनच्या ‘जीसी’ मॉड्यूलमधील ‘गेट रेफरर्स’चा (एखाद्या ऑब्जेक्टला कोणी धरून ठेवले आहे हे सांगणाऱ्या फंक्शनचा) धागा धरून मागे मागे जात त्या कॅशपर्यंत पोहोचल्या. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, हातवारे सुरू झाले होते. दस्तऐवजात ते कारण होते. मेमरी वाढते एवढेच दिसत असताना त्या कारणापर्यंत कसे जायचे, ते तिथे नव्हते.

मग ‘नवीन’ ही अट मुळात आली कुठून, हे आम्ही पाहिले. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात त्यांनी पीओपीएल आणि पीएलडीआय या प्रोग्रॅमिंग भाषांवरील परिषदांचे शोधनिबंध वाचले होते. १९७३ पासून भरणारी पीओपीएल ही संशोधकांची परिषद आहे. तिथे निबंध पाठवायचा असतो आणि त्यात ज्ञानात नवी भर काय, हा प्रश्न रास्तच असतो. २००३ मध्ये सुरू झालेली पायथॉनची पायकॉन किंवा रुबी या भाषेची रुबीकॉन्फ यांसारख्या परिषदा ती प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांच्या समुदायाच्या आहेत. तिथल्या निवड समितीला टॉक कोणासाठी आहे, ऐकणारा काय घेऊन जाईल आणि ते सारे मिळालेल्या वेळात बसेल का, हे जाणून घ्यायचे असते. त्या एका जातीच्या परिषदेची कसोटी दुसरीला लावून स्वतःला नापास करत होत्या, आणि तेही प्रस्ताव कोणी वाचण्याआधीच.

‘पण मला तिथे ओळखतो कोण?’ हा दुसरा मुद्दा लवकर निकाली निघाला. बऱ्याच परिषदांत पहिल्या फेरीत परीक्षकांना प्रस्तावकाचे नाव दिसत नाही, उलट आपली ओळख उघड होईल असे काही लिहू नका, अशी सूचना असते. नियम परिषदेगणिक बदलतात, तेव्हा ते वाचूनच घ्यावेत.

यानंतर मी त्यांना प्रस्ताव पुन्हा लिहायला सांगितले, पण परीक्षकासाठी नव्हे, तर आज त्याच अडचणीत सापडलेल्या एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्यासाठी. जुन्या मसुद्याचे पहिले वाक्य होते : ‘या टॉकमध्ये आपण पायथॉनच्या मेमरी व्यवस्थापनाचे विविध पैलू पाहू.’ नव्या मसुद्याची सुरुवात अशी झाली : ‘रीस्टार्ट केल्यावर तुमची सेवा नीट चालते आणि काही दिवसांनी पुन्हा मेमरी खाऊ लागते. कोड तुम्ही तीनदा वाचला आहे आणि त्यात काहीच चुकीचे दिसत नाही.’ आराखड्यात पूर्वी ‘प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष’ एवढेच होते; आता अर्ध्या तासाची वाटणी झाली : लक्षणांना तीन मिनिटे, चुकलेल्या संशयांना आठ, स्नॅपशॉटच्या तुलनेला आठ, मेमरी धरून बसलेला शोधण्याला सात, उपायांना चार. कॅशचे नाव मात्र त्यांनी आराखड्यातही गुलदस्त्यात ठेवले होते. पुष्कळ नवखे हेच करतात. श्रोत्यांची उत्सुकता जपायची ती जाहीर होणाऱ्या सारांशात. परीक्षकाला उत्तर आधीच कळले पाहिजे, नाहीतर टॉकमध्ये उत्तर आहे यावर त्याने विश्वास तरी का ठेवावा? रुबी परिषदांच्या अर्जात तर श्रोत्यांसाठीचा सारांश आणि केवळ परीक्षकांसाठीचा तपशील यांना वेगवेगळ्या जागाच असतात.

‘आणि नाकारला तर?’ नाकारला जाणार नाही, असे आश्वासन मी देत नाही. मोठ्या परिषदांकडे शेकडो प्रस्ताव येतात आणि मुख्य टॉकच्या जागा त्या मानाने फारच थोड्या असतात. एकाच विषयावर दोन चांगले प्रस्ताव आले तर एक जातो, नवशिक्यांसाठीची आणि जाणकारांसाठीची सत्रे यांचा तोल राखताना आणखी काही गळतात. म्हणून पाठवण्याआधीच मी त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेतले, की नकाराच्या पत्रातून आपल्याविषयी काय कळेल आणि काय कळणार नाही. पहिल्या रकान्यात त्यांना एकच ओळ लिहिता आली : ‘या वर्षी या परिषदेत हा टॉक नाही.’

त्यांनी प्रस्ताव पाठवला आणि तो नाकारला गेला. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, की वाईट वाटले आणि दोन दिवस कशातच लक्ष लागले नाही. मला त्यात काळजी करण्यासारखे काही दिसले नाही. मनापासून केलेले काम परत आले की वाईट वाटणारच, आणि यावेळी त्या वाईट वाटण्यातून ‘मी या कामाचीच नाही’ असा निवाडा निघाला नव्हता. उलट त्यांनी समितीला पत्र लिहून अभिप्राय मागितला होता. असे अभिप्राय दर वेळी मिळतातच असे नाही, पण त्यांना मिळाला : मेमरीवरचा दुसरा एक टॉक आधीच निवडला होता, आणि यांच्या प्रस्तावात उपायांना फारच कमी वेळ होता.

पहिल्या कारणावर इलाज नव्हता. दुसऱ्यासाठी त्यांनी चुकलेल्या संशयांतली तीन मिनिटे काढून उपायांकडे वळवली आणि त्यात ‘कॅश्ड प्रॉपर्टी’ ही पायथॉनची दुसरी सोय घातली, कारण तिच्यातले उत्तर ऑब्जेक्टपाशीच साठते आणि त्याच्याबरोबरच जाते. बदललेला प्रस्ताव त्यांनी दुसऱ्या एका परिषदेला मुदतीच्या आत पाठवला आहे. निकाल अजून यायचा आहे. दरम्यान त्यांनी घड्याळ लावून तो टॉक सहकाऱ्यांपुढे करून पाहिला, आणि स्नॅपशॉटचा भाग आठ मिनिटांत काही केल्या बसत नाही, अशी त्यांची सध्याची तक्रार आहे.