सावळ्या रंगावर आयशॅडो राखेसारखी दिसते, मग कोणते रंग घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रंग सावळा, मैत्रिणीच्या डोळ्यांवर छान दिसली म्हणून तीच फिक्या गुलाबी-बदामी रंगांची पॅलेट घेतली, पण तुमच्या पापणीवर ती राख फासल्यासारखी दिसते. त्यात भावाचं लग्न तोंडावर आलंय आणि जांभळी पैठणी नेसायची आहे. मी नाशिककडे नवरीचे मेकअप करते. हा प्रश्न मला नवऱ्यांपेक्षा करवल्याच जास्त विचारतात.

दोष तुमच्या रंगाचा नाही, गुलाबीचाही नाही. दोष त्या गुलाबीतल्या पांढऱ्याचा आहे. पावडरची आयशॅडो म्हणजे बहुतेक वेळा टाल्क, अभ्रक, ते धरून ठेवायला थोडं तेलकट काहीतरी आणि रंगद्रव्यं. विटकरी, तपकिरी, पिवळसर छटा लोहाच्या ऑक्साइडपासून येतात. रंग फिका करायचा तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. ते चक्क पांढरं रंगद्रव्य, घराच्या भिंतीच्या रंगातही तेच असतं. गोऱ्या पापणीवर ते खपून जातं आणि गुलाबी तेवढा उठतो. सावळ्या पापणीवर आधी पांढरं दिसतं, मग खालच्या तपकिरीत मिसळून करडं होतं.

म्हणून दुकानात एवढंच बघा : मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग तुमच्या पापणीपेक्षा फिका असेल तर सोडून द्या. चमकीच्या रंगाला ही अट नाही. त्यातल्या अभ्रकाच्या पापुद्र्यांतून खालची कातडी दिसत राहते, वरून फक्त उजेड परततो. म्हणून सोनेरी, तांब्याचा, कांस्याचा रंग सावळ्या चेहऱ्यावर जसा पेटतो तसा गोऱ्यावर पेटत नाही. चंदेरी चमक मात्र जपून घ्या, ती पुन्हा त्या पांढऱ्याच्याच वाटेने जाते. टेस्टर डोळ्याला लावू नका, कोणाकोणाची बोटं त्यात गेलेली असतात. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला बोटाने एकदाच ओढा आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन बघा. तुमची पापणी बहुधा हातापेक्षा गडद असेल, तो फरक मनात धरा.

त्वचेची झाक पिवळसर की निळसर हे ओळखायला मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघायला सांगतात, पण ही परीक्षा आपल्या रंगावर फारशी चालत नाही, शिरा धड दिसतच नाहीत. इंटरनेटवर त्वचेच्या सहा प्रकारांचा एक तक्ताही फिरतो. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1975 साली त्याची सुरुवात केली, ती अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवायला : कोणाची त्वचा उन्हात भाजते, कोणाची रापते. आयशॅडोशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा खिडकीजवळ बसा, एकदा सोनेरी जरीचा पदर आणि एकदा रुपेरी जरीचा चेहऱ्याजवळ धरा. सोनेरीने चेहरा उजळला तर विटकरी, तांबूस, शेवाळी, जुनं सोनं घ्या. रुपेरीने उजळला तर वांगी, डाळिंबी, आमसुली, गडद निळा. दोन्ही चालले, तर मजा करा.

मोरपंखी आणि बाटली हिरवा मात्र प्रत्येक सावळ्या मुलीने एकदा तरी लावून बघावा, असं माझं ठाम मत आहे. ‘आपल्याला भडक शोभत नाही’ हे घरातल्या बायका लहानपणापासून कानावर घालतात. खरं तर गडद रंग पेलायची ताकद सावळ्या रंगातच जास्त. गव्हाळ रंगाला अबोली आणि तांबूस गुलाबी छान जातात. अगदी गोऱ्या मुलींवर लालसर विटकरी कधी कधी डोळे आल्यासारखा दिसतो, तुम्हाला ती भीती नाही. झगझगीत लाल-गुलाबी रंग घेताना मात्र पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. काही पॅलेटवर ते रंग डोळ्यांजवळ वापरू नयेत असं लिहिलेलं असतं.

आता लग्नाचं. जांभळ्या साडीवर जांभळीच आयशॅडो लावली की सगळं एकाच रंगात बुडतं, आणि निळसर जांभळा तर मार लागल्यासारखा दिसतो. रंग साडीचा नको, काठाचा घ्या. आधी पापणीवर कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा अगदी पातळ हात, तोही तुमच्याच रंगाचा. पापणी फारच काळपट असेल तर त्याखाली काळपटपणा मारायला किंचित नारिंगी करेक्टर. फिका कन्सीलर लावून काळपटपणा झाकायला गेलात तर पुन्हा राख. मग पापणी दुमडते त्या खाचेत विटकरी रंग मऊ ब्रशने पुसट करत न्या. पॅलेटमध्ये या कामासाठी जो बदामी रंग देतात तो तुमच्यावर उमटणारही नाही. बाहेरच्या कोपऱ्यात थोडा वांगी. शेवटी जुन्या सोन्याची चमक, ती ब्रशने नको : बोट जरासं ओलं करून पापणीच्या मध्यभागी दाबायची, घासायची नाही. घासली की सगळी गालावर सांडते. म्हणूनच मी डोळे आधी करते आणि फाउंडेशन नंतर.

होमाजवळ बसणार असाल तर खालच्या पापणीच्या आत काजळ घालू नका. लाजाहोमाला धूर झाला की डोळ्यांतून पाणी आणि गालावर ओघळ ठरलेला, मग वॉटरप्रूफ लिहिलेलं असो वा नसो. वरच्या पापणीच्या मुळाशी काजळ लावून बोटाने पसरवा, त्यावर वांगी रंग दाबा. रिसेप्शनपर्यंत टिकतो.

आणि घेतलेली पॅलेट टाकून देऊ नका. त्यातला चमकीचा गुलाबी विटकरीवर दाबून बघा, तांबूस होतो. मॅट फिके मैत्रिणीला देऊन टाका.